खापरपणजोबा सोलापुरात नेमके कधी आले?

आमच्या घरात त्यांच्याबद्दल एकच वाक्य उरलंय, ‘धातू करुवु’त (तेलुगूत करुवु म्हणजे दुष्काळ) तेलंगणातून आले, पायी, मागाचं सामान घेऊन. फोटो नाही, कागद नाही. पण साल त्याच वाक्यात आहे बघा, कारण जुनी माणसं इसवी सन कुठं सांगायची, संवत्सराचं नाव सांगायची. धातू म्हणजे आपल्या पंचांगातलं धाता, शके १७९८, म्हणजेच १८७६-७७. मद्रास, म्हैसूर, निजामाचा मुलूख, आपला मुंबई इलाखा, सगळीकडं पसरलेला तो मोठा दुष्काळ.

मला खटकतं ते पुढंच. तेव्हा सोलापूर जिल्हा स्वतःच होरपळत होता, आष्टीच्या तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला माणसं जात होती, मग दुष्काळातून सुटायला माणूस दुष्काळातच कशाला येईल? इथं रेल्वे बघावी लागते. जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी १८६० ला सोलापुरात आली, १८७१ ला रायचूरपर्यंत गेली आणि १८७४ ला वाडीहून सिकंदराबादचा फाटा सुरू झाला, म्हणजे तेलंगणातून सोलापूर आता गाडीच्या टप्प्यात. वर १८७७ ला ‘जुनी मिल’ म्हणतात ती कापडगिरणी निघाली, सूत गावातच मिळायला लागलं. आणि आमचे पद्मशाली विणकर त्याच्या कितीतरी आधीपासून इथं होतेच, कुणीतरी पाव्हणा “या इकडं” म्हणालाच असणार. त्यामुळं माझा अंदाज असा की ते ऐन दुष्काळात नाही, तो ओसरताना आले, आणि ‘पायी’ हे निदान वाडी स्टेशनपर्यंतचं असावं, पण घरात हे बोललं की आज्जी चिडते.

कागदाचं म्हणाल तर त्यांचा जन्म निजामाच्या मुलखातला, तो इथल्या दप्तरात शोधण्यात अर्थ नाही. इथं जन्मलेल्या पोरांच्या नोंदीत बाप म्हणून नाव निघू शकतं. जुन्या नोंदी बऱ्याचदा मोडीत, ‘अमुक बिन तमुक’ एवढंच, आडनाव असेलच असं नाही, आणि जातीच्या रकान्यात पद्मशालीऐवजी नुसतं साळी लिहिलेलं असू शकतं, त्यामुळं आडनावावरून शोधणारा तीच ओळ बघून पान उलटतो. २०२३ ला कुणबी नोंदींसाठी गावोगावची कोतवाल बुकं, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना १४, बाहेर निघाली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. लिंगायत शेजाऱ्यांचं बरंय, त्यांच्याकडं हेळवी येतो आणि पिढ्या घडाघडा वाचून दाखवतो. आमच्यात कुनपुली नावाचे कथेकरी होते, चित्रांच्या पटावर मार्कंडेय पुराण सांगायचे, त्यांच्यापैकी कुणी भेटलं तर आधी गोत्र सांगायचं, आडनाव नंतर.