राऊटर बदलताय? प्रिंटरला हात लावण्याआधी हे वाचा

आमच्याकडून वायफायचा प्रिंटर घेतलेल्या सांगली, मिरज आणि कुपवाडच्या ग्राहकांसाठी

"प्रिंटर काल संध्याकाळपर्यंत चांगला चालत होता, आज बंद पडलाय." असा फोन आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: घरचं इंटरनेट बदललं का? उत्तर बहुधा 'नाही' असं येतं. मग जरा थांबून, "म्हणजे, फायबरवाले येऊन डबा तेवढा बदलून गेले." झालं. तो डबा म्हणजे राऊटर. प्रिंटर बिघडलेला नाही, तो अजून जुन्या राऊटरला शोधतोय.

प्रिंटर बसवताना त्याला घरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड दिलेला असतो. तेवढ्यावरच तो रोज आपोआप जोडला जातो. नवीन राऊटर आपलं नवीन नाव घेऊन येतो. मोबाईलवर ते आपण लगेच निवडतो, टीव्हीला रिमोटने देतो. प्रिंटरला मात्र कुणीच काही सांगत नाही, कारण घरगुती प्रिंटरला धड पडदा नसतो आणि कीबोर्ड तर नसतोच. त्याचा वायफायचा दिवा लुकलुकत राहतो. दिवा स्थिर असेल तर प्रिंटर जोडलेला आहे आणि लुकलुकत असेल तर शोधतोय, असं बहुतेक मॉडेलमध्ये समजायचं. खात्री करायची असेल तर पुष्कळ प्रिंटरवर 'आय' अक्षराचं बटण असतं. ते दाबलं, काहींमध्ये थोडा वेळ धरून ठेवलं, की माहितीचा कागद छापून येतो. त्या कागदावर वायफायचं नाव वाचा. तिथे जुनंच नाव दिसलं, तर दुखणं कळलं.

पण लोक कागद काढत नाहीत, कॉम्प्युटरच्या मागे लागतात, आणि खरा वेळ इथेच जातो. यादीतून प्रिंटर काढून टाकायचा, ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) पुन्हा भरायचा, मग यादीत 'कॉपी १', 'कॉपी २' अशी एकाच प्रिंटरची भावंडं जमतात आणि प्रिंट नेमकी चुकीच्या भावंडाकडे जाते. त्यानंतर व्हिडिओ बघून रिसेट. शेवटी प्रिंटर गाडीवर मांडीत घेऊन दुकानात. शाईच्या टाकीचा प्रिंटर गाडीवर कलला की शाई आत सांडते आणि दहा मिनिटांच्या कामाचं सर्व्हिसिंग होऊन बसतं. कृपया प्रिंटर आणू नका, आधी फोन करा.

हे सगळं टाळायला एकच वाक्य पुरतं. नवा राऊटर बसवणारा माणूस घरात असतानाच त्याला सांगा: "वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवा." त्याला दोन मिनिटं लागतात. तो 'नंतर तुमचं तुम्ही बदला' म्हणेल, पण गोड बोलून तेव्हाच करून घ्या. नाव-पासवर्ड तोच मिळाला की प्रिंटर आपणहून जोडला जातो. टीव्ही, कॅमेरा, मोबाईल यांनाही पुन्हा काही सांगावं लागत नाही.

जुनाच म्हणजे अक्षरशः जुनाच. कॅपिटल अक्षर, स्मॉल अक्षर, मधली मोकळी जागा, खालची रेघ, सगळं जसंच्या तसं. नावात एका अक्षराचा फरक पडला तरी प्रिंटरच्या लेखी ते परकं वायफाय. राऊटरच्या सेटिंगमध्ये वायफायच्या सुरक्षेचा प्रकार विचारतात, त्या रकान्यात डब्ल्यूपीए२ असू द्या. नुसतं डब्ल्यूपीए३ ठेवलं तर जुने प्रिंटर जोडले जात नाहीत.

आणखी एक गोष्ट त्या माणसाला सांगायची. हल्लीचे राऊटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतात आणि बऱ्याचदा दोन नावं दाखवतात, एकाच्या शेवटी '५जी' लावलेलं. घरगुती प्रिंटर बहुतेक फक्त २.४ वर चालतात. '५जी'वालं नाव त्यांना दिसतच नाही. तेव्हा जुनं नाव २.४ ला द्यायला लावा. "पण फाइव्ह जी फास्ट असतं ना?" असं हमखास विचारलं जातं. सिनेमा बघायला असेल. एका पानाची प्रिंट म्हणजे फार मोठी फाईल नव्हे, वेळ लागतो तो कागद सरकायला आणि शाई बसायला. उलट २.४ भिंतींतून जास्त चांगलं पोचतं. गावभागात जाड भिंतींचं जुनं घर असेल, राऊटर सोप्यात आणि प्रिंटर माडीवर असेल, तर तेच बरं.

जुना पासवर्ड आठवत नसेल तर जुना राऊटर निघण्याआधी मोबाईलच्या वायफाय सेटिंगमध्ये जाऊन 'शेअर' दाबा. क्यूआर कोड येतो आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये त्याखाली पासवर्डही लिहिलेला असतो. डायरीत उतरवून ठेवा. आमचा माणूस दारात उभा आणि "पासवर्ड मुलाला माहीत आहे, तो पुण्याला असतो, आत्ता मीटिंगमध्ये आहे," हे आमच्या रोजच्या ऐकण्यातलं आहे.

नाव बदलून गेलंच असेल, तर

प्रिंटरला नवीन नाव सांगावं लागेल. प्रत्येक कंपनीचं मोबाईल ॲप आहे, त्यातून होतं. प्रिंटरला आधी जोडणीच्या अवस्थेत न्यायचं असतं. त्याची बटणं मॉडेलप्रमाणे वेगळी आहेत, फोनवर मॉडेल सांगा, आम्ही सांगतो. लोक अडतात ते मोबाईलवर. लोकेशन बंद असेल तर अँड्रॉइडवर ॲपला बऱ्याचदा प्रिंटर सापडत नाही. परवानग्या मागेल त्या द्या. सुरुवात करताना मोबाईल घरच्या २.४ वर असू द्या. जोडणी चालू असताना प्रिंटर स्वतःचं एक तात्पुरतं वायफाय सोडतो, त्याला अर्थातच इंटरनेट नसतं. मग मोबाईल विचारतो, "या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवायचं का?" आपण सवयीने 'नाही' दाबतो आणि सगळं पहिल्यापासून. तिथे 'हो' दाबा आणि मोबाईल डेटा तेवढ्यापुरता बंद ठेवा.

राऊटरवर डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता जोडायचं बटण असेल, तर त्याने ॲपशिवायही जोडता येतं. पण राऊटरचं बटण दाबल्यापासून दोनच मिनिटं मिळतात, म्हणून प्रिंटरशी एक माणूस आधीच उभा करा.

मोबाईलच्या हॉटस्पॉटवर प्रिंटर जोडून वेळ भागवू नका. तासगावच्या बेदाणा सौद्याला मालक मोबाईल घेऊन गेले की इकडे ऑफिसात बिलं अडकतात. पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या गेस्ट वायफायवरही नको. त्यात एका यंत्राला दुसरं दिसू नये अशीच सोय केलेली असते.

दिवा स्थिर, तरी कॉम्प्युटर 'ऑफलाइन' म्हणतो

हे लाईट जाऊन आल्यावर जास्त होतं. राऊटर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता देतो आणि तो बदलू शकतो. कॉम्प्युटर जुन्या पत्त्यावर प्रिंट पाठवत बसतो. लाईट आली की आधी राऊटर चालू होऊ द्या, दोन-तीन मिनिटं थांबा, मग प्रिंटर चालू करा. बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. वारंवार होत असेल तर आम्ही प्रिंटरचा पत्ता कायमचा बांधून देतो. ज्यांचा असा बांधून दिला आहे त्यांनी राऊटर बदलण्याआधी आम्हाला जरूर कळवा, कारण नव्या राऊटरची आकड्यांची मालिकाच वेगळी असू शकते आणि मग नाव-पासवर्ड जुना ठेवूनही अडतं. राऊटरसाठी छोटा यूपीएस येतो, तो दुकानात बघायला मिळेल. लाईट गेली तरी नेट चालू राहतं आणि पत्त्याचा हा घोळही कमी होतो.

इंटरनेटचं बिल थकून नेट बंद झालं तरी घरातल्या घरात प्रिंट निघते, राऊटर फक्त चालू हवा. काही कंपन्यांच्या खास योजनेतले प्रिंटर मात्र नेट मागतात, घेताना विचारा.

आमच्याबद्दल दोन शब्द

"दुकानातच वायफाय जोडून द्या की," असं बरेच जण म्हणतात. दुकानात जोडलेला प्रिंटर दुकानाच्या वायफायला जोडला जातो. घरी नेल्यावर परत तेच करायचं. म्हणून नवीन प्रिंटरबरोबर पहिली जोडणी आम्ही घरी येऊन करतो, त्याचे पैसे घेत नाही. ऑनलाइन घेतलेला प्रिंटर दोन-तीनशे रुपयांनी स्वस्त पडत असेल, पण त्यात ही फेरी नसते. ऑनलाइन घेतलेलेही आम्ही जोडून देतो, व्हिजिटचे पैसे लावून.

नंतरच्या प्रत्येक व्हिजिटचे ३०० रुपये आहेत, काम दहा मिनिटांत झालं तरी. "नुसतं पासवर्ड तर टाकलात" हे आम्हाला मान्य आहे, म्हणूनच तर आधी फोनवर सांगून बघतो आणि फोनवर झालं तर एक रुपया घेत नाही. विश्रामबागेतून मिरजेला जाऊन यायला मात्र वेळ आणि पेट्रोल लागतंच.

आम्ही येण्याआधी राऊटरखालच्या स्टिकरचा (त्यावर पासवर्ड छापलेला असेल तर तो झाकून) आणि प्रिंटरच्या मॉडेल नंबरचा फोटो पाठवा. पासवर्ड पाठवू नका, तो घरी आल्यावर तुम्हीच टाका. प्रिंटर पुष्कळ दिवस बंद होता असं फोटोसोबत कळवलंत तर शाईची बाटली बरोबर आणतो. रंगीत छपाई कमी असणाऱ्यांनी आठवड्याला एक रंगीत पान काढत जावं, नाहीतर कागदावर शाई सोडणारं हेड सुकतं आणि हेडची किंमत ऐकून लोक नवा प्रिंटर विचारतात.