बारा सेकंदांची पकड, बारा महिन्यांचा रस्ता

टायर झिजून गुळगुळीत झाला की तो काढून टाकायचा, एवढं गाडी न चालवणाऱ्यालाही ठाऊक असतं. ड्रॅग रेसच्या पट्टीवर मात्र नवा कोरा टायरच गुळगुळीत येतो. त्याला स्लिक म्हणतात. हिरवा दिवा लागून गाडी सुटते त्या क्षणी मागच्या स्लिकच्या बाजूवर पिळलेल्या फडक्यासारख्या सुरकुत्या पडतात. रिम फिरायला लागलेली असते, पण जमिनीला टेकलेलं रबर अजून जागा सोडायला तयार नसतं.

४०२ मीटर, म्हणजे पाव मैल, सरळ रेषेत कमीत कमी वेळात कापायचा, एवढाच हा खेळ. त्यासाठी स्लिकसारखा टायर नाही. पण बहुतेक देशांत तो सार्वजनिक रस्त्यावर चालत नाही, आणि ते योग्यच आहे. ज्यांची गाडी रविवारी पट्टीवर आणि सोमवारी कामावर जाते, त्यांच्यासाठी कंपन्या मधल्या वाटेचे टायर काढतात. त्यातला प्रत्येक टायर काहीतरी सोडून देतो. काय सोडतो ते जाहिरातीत नसतं, ते रबराच्या स्वभावात शोधावं लागतं.

शाळेतला नियम सांगतो की घर्षण वजनावर अवलंबून असतं, टेकलेल्या क्षेत्रफळावर नाही. रबर हा नियम पाळत नाही. रबराची पकड मुख्यतः दोन वाटांनी येते. पहिली चिकटण्याची: रबराचे रेणू रस्त्याच्या पृष्ठभागाला अगदी जवळून भिडतात आणि क्षणभर धरून ठेवतात. जितका भाग खरोखर भिडेल तितकी ही पकड जास्त, म्हणून मऊ रबर आणि रुंद टायर. दुसरी वाट जास्त मजेशीर आहे. डांबरातून वर आलेली खडी रबरात रुतते. टायर पुढे सरकताना रबर खड्याच्या एका बाजूला दाबलं जातं आणि दुसऱ्या बाजूला ते परत फुगायला हवं. पण ते लगेच फुगत नाही, दाबल्यावर सावकाश वर येणाऱ्या उशीसारखं रेंगाळतं. म्हणून खड्याच्या एका अंगाला दाब जास्त, दुसऱ्या अंगाला कमी, आणि हा फरक म्हणजेच पकड. रबराच्या या रेंगाळण्यात ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. शास्त्रज्ञ त्याला हिस्टेरेसिस म्हणतात, आपण आळस म्हणू.

म्हणजे आळशी रबर चांगलं धरतं. पण तेच रबर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात दबतं, सुटतं आणि तापतं. ती उष्णता इंधनातूनच येते, आणि मऊ रबराचे कण रस्त्यावर सांडत जातात. पकड, इंधन आणि आयुष्य अशी ही तिहेरी ओढाताण आहे. रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून थोडी पळवाटही काढली आहे. ताशी ९० किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण १२-१३ वेळा फिरतं, म्हणजे फिरताना रबर तितक्याच वेळा दबतं. खडीच्या बारीक टोकांवरून घसरताना मात्र त्याला सेकंदाला हजारो-लाखो ठोके बसतात. संथ ठोक्यांना चपळ आणि जलद ठोक्यांना आळशी असं रबर बनवता आलं तर दोन्ही साधतं. १९९०च्या दशकात रोजच्या टायरांमध्ये काजळीच्या जोडीला सिलिका आली ती यासाठीच. रेसचं रबर बनवणारा मात्र इतकी कसरत करत बसत नाही. त्याला पट्टीवरच्या एका धावेचे बारा सेकंद हवे असतात.

आता गाडी सुटण्याचं गणित. मागच्या चाकांना ताकद असलेली १५०० किलोची गाडी घेऊ, उभी असताना मागे ४५ टक्के वजन. गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच, दोन्ही आसांमध्ये २.७ मीटर अंतर. गाडी जोरात सुटली की तिचं नाक उचलतं आणि वजन मागे सरकतं. मागे वजन वाढलं की पकड वाढते, पकड वाढली की गाडी आणखी जोरात सुटते, आणि मग आणखी वजन मागे येतं. टायरचा घर्षणांक, म्हणजे पकडीचं माप, १ असेल तर हिशेब ०.५५ जी त्वरणाला येऊन थांबतो (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणानं पडणाऱ्या वस्तूचं त्वरण). घर्षणांक १.५ केला की ०.९३ जी. पकड दीडपट, त्वरण जवळजवळ पावणेदोनपट. पहिले १८ मीटर, ज्यांना पट्टीवर ‘साठ फूट’ म्हणतात, पहिल्या टायरवर २.६ सेकंदांत आणि दुसऱ्यावर सुमारे २ सेकंदांत कापले जातात. साध्या कागदी हिशेबात इतका फरक पडतो. इंजिनावर भरपूर पैसे ओतून अर्धा सेकंद कमी करणाऱ्या माणसाला टायरवाला हसतो ते उगाच नाही.

हे सगळं कोरड्या आणि तयार केलेल्या पट्टीवरचं. सुरुवातीच्या भागावर चिकट द्रव फवारलेला असतो आणि आधीच्या गाड्यांनी रबराचा थर चढवलेला असतो. तिथे बुटाचा तळवा चिकटून टाच वर येते. रस्त्यावर धूळ असते, तेल असतं, खडी असते. त्यामुळे पट्टीवर कमाल करणारा टायर रस्त्यावर तेवढीच कमाल करेल, हे गृहीत धरू नये.

दुकानात टायर हातात घेतला की बाजूवर बरंच काही लिहिलेलं असतं. पहिला आकडा बघावा तो ट्रेडवेअरचा, म्हणजे झिजेचा. अमेरिकेच्या पद्धतीत टेक्ससमधल्या सुमारे ६४० किलोमीटरच्या ठरलेल्या वर्तुळावर टायर एकूण साडेअकरा हजार किलोमीटर फिरवतात आणि त्याची झीज प्रमाण टायरशी ताडून पाहतात. १०० म्हणजे प्रमाणाइतकी झीज, ४०० म्हणजे चौपट टिकाऊ. रोजच्या टायरांवर ४०० ते ७००च्या आसपास आकडा दिसतो, स्पोर्टी उन्हाळी टायरांवर २००, आणि ड्रॅगसाठी बनवलेल्या रस्त्याच्या टायरांवर, म्हणजे ड्रॅग रेडियलवर, १०० किंवा चक्क शून्य. हा आकडा सरकार देत नाही, कंपनीच चाचणीवरून ठरवते. म्हणून दोन कंपन्यांचे ३०० आणि ३४० यांची तुलना फारशी कामाची नाही. १०० आणि ४०० यांतला फरक मात्र खरा असतो. शेजारी ट्रॅक्शनचं एए, ए, बी असं अक्षर असतं. ते पाहून हुरळू नये. ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक मारण्याची ती परीक्षा आहे, कोरड्या पट्टीवर सुटण्याशी तिचा संबंध नाही. ‘डीओटी’ ही अक्षरंही एवढंच सांगतात की टायर अमेरिकी सुरक्षा मानकांत बसत असल्याचं कंपनी म्हणते. त्या ओळीतले शेवटचे चार अंक जास्त उपयोगी: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. मऊ रबर वयानं कडक होतं, त्यामुळे सवलतीत मिळणारा जुना ड्रॅग टायर म्हणजे जुनं मऊ रबर नव्हे, महागडं कडक रबर.

पाऊस आला की खरा प्रश्न सुरू होतो. २० सेंटिमीटर रुंद टायर ३ मिलिमीटर पाण्यातून ताशी ८० किलोमीटरने गेला तर त्याला दर सेकंदाला १३ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. खाचा असतात त्या यासाठी. नव्या साध्या टायरच्या खाचा सुमारे ८ मिलिमीटर खोल असतात, ड्रॅग रेडियलच्या बऱ्याचदा नव्यातच याहून बऱ्याच उथळ. १.६ मिलिमीटरची कायदेशीर मर्यादा अनेक देशांत आहे, आणि मऊ रबर तिथवर फार लवकर पोचतं. पाण्यानं टायर उचलला गेला की सुकाणू आणि ब्रेक दोन्ही शोभेचे होतात.

यात एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही: हवा. १९६०च्या दशकात नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी विमानांच्या टायरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की टायर पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्या सूत्रानं ३२ पीएसआयला (पीएसआय हे टायरमधल्या हवेच्या दाबाचं एकक) हा वेग ताशी ९४ किलोमीटर येतो, १८ पीएसआयला ७१. मोटारीच्या टायरला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण कल स्पष्ट आहे. पट्टीवर हवा कमी करतात ती टेकण्याचा भाग वाढवायला. ३७५ किलो भार पेलणारं चाक ३२ पीएसआयला ढोबळमानानं १६५ चौरस सेंटिमीटर टेकतं, १८ला २९५. पट्टीवर हे वरदान. त्याच हवेवर ओल्या महामार्गाला लागणं म्हणजे उथळ खाचा, मोठा टेकाव आणि कमी दाब, तिन्ही वैरी एकत्र.

आणि हे टायर बहुधा मागेच बसवलेले असतात. पुढे साधा, खोल खाचांचा टायर. कोरड्यात ठीक. ओल्यात पुढची चाकं धरतात आणि मागची सुटतात, म्हणजे गाडी भोवऱ्यासारखी फिरते. पुढची सुटली तर निदान गाडी सरळ जाते आणि पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून निघतो. मागची सुटली तर तोच पाय काढणं आगीत तेल ठरतं. माझ्या मते रोज चालवणाऱ्यानं निवड करताना विचारायचा पहिला प्रश्न हाच: पावसात ही गाडी कोण चालवणार, आणि त्या माणसाला मागून सुटलेली गाडी सावरता येते का? घरातलं कोणीही किल्ली उचलून निघत असेल तर ड्रॅग रेडियल बारा महिने ठेवू नये.

बांधणीचा मुद्दा थोडक्यात. तिरक्या थरांच्या, म्हणजे बायस-प्लाय टायरची बाजू सहज सुरकुतते आणि सुटण्याचा धक्का गिळते. क्लच सोडून सुटणाऱ्या, मॅन्युअल गिअरच्या गाड्यांना तो मानवतो. पण महामार्गावर तो डुलतो. रेडियलची बाजू वेगळी बांधलेली असते, तो सरळ पळतो, वेगात कमी फुगतो, मात्र एकदा पकड सोडून जागच्या जागी फिरायला लागला की लवकर माफ करत नाही. एका आसावर बायस आणि दुसऱ्यावर रेडियल असा संसार रस्त्यावर टाळावा. रोजच्या गाडीला रेडियलच घ्यावा. रिम लहान आणि बाजू उंच असेल तर सुटताना फायदा होतो, पण लहान रिम ब्रेकच्या कॅलिपरला अडत नाही ना, ते आधी मोजून घ्यावं.

तापमानही विसरू नये. ही रबरं तापल्यावर खुलतात. थंडीत उन्हाळी रबर कडक होतं, आणि गोठणबिंदूखाली फार मऊ स्पर्धेची रबरं दुमडताना तडकूही शकतात. दर तापण्या-निवण्यात रबर थोडं आणखी शिजतं आणि कडक होतं. म्हणून नक्षी शिल्लक असली तरी पकड संपलेली असू शकते.

मग घ्यावं काय? वर्षातून दोन-तीनदा पट्टीवर जाणार असाल तर २०० ट्रेडवेअरचे उन्हाळी टायर घ्या आणि दोन-तीन दशांश सेकंदांवर पाणी सोडा. महिन्यातून दोनदा जात असाल आणि डिकीत किंवा छोट्या ट्रेलरवर जागा असेल, तर ड्रॅग रेडियल चढवलेली मागची दोन जादा चाकं हा सगळ्यात शहाणा मार्ग आहे. मऊ रबर रोजच्या रस्त्यावर घासायचं थांबलं की तेच पुष्कळ महिने पुरतं. कायम ड्रॅग रेडियलच ठेवायचे असतील तर भार निर्देशांक आणि वेगाचं अक्षर गाडीच्या मूळ टायरपेक्षा खाली जाऊ देऊ नका. व्यासही फार बदलू नका, नाहीतर स्पीडोमीटर आणि गिअरिंग दोन्ही खोटं बोलतील.

पट्टीवर पोचलात की बर्नआउटसाठी, म्हणजे चाक जागीच फिरवून रबर तापवण्यासाठी, ठेवलेल्या पाण्याच्या डबक्यातून खाचांचा टायर घेऊन जाऊ नका, बाजूनं जा. स्लिकवरचं पाणी एका फिरकीत उडतं, खाचांतलं पाणी थेट सुटण्याच्या रेषेवर गळतं आणि तुमच्यासकट मागच्या प्रत्येकाची धाव घालवतं.

घरी निघण्यापूर्वी हवा भरायची, त्यासाठी छोटा पंप जवळ ठेवायचा. इथे एक गंमत आहे. धावून आलेला टायर ६० अंशांवर असेल आणि तुम्ही त्यात मोजून ३२ पीएसआय भरलीत, तर दुसऱ्या सकाळी २० अंशांना निवालेल्या त्याच टायरमध्ये जेमतेम २६ निघते. कामावर निघण्याआधी गेज पुन्हा लावा.