प्राणी कल्याण आणि प्राणी हक्क, फरक बैलाच्या खांद्यावरून समजून घेऊ

बैलगाडा शर्यतीचा विषय निघाला की प्राणी कल्याण आणि प्राणी हक्क हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि मग भांडण भलतीकडेच जातं.

कल्याणवाला बैलाचा खांदा बघतो. जू घासून कातडं सोललंय का, पाणी कधी दाखवलं, गाडीत ऊस किती भरलाय, पराणीला, म्हणजे हाकायच्या काठीला, टोचणारी आर आहे का. बैल जुंपूच नका असं तो म्हणत नाही, हाल करू नका म्हणतो. आपला १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा याच विचाराचा, त्याच्या कलम ११ मध्ये मारहाण, जादा ओझं, जखमी जनावर कामाला लावणं हे सगळं गुन्ह्यात येतं, पण पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिलाय १० ते ५० रुपये, हे वाचून मला खरंच चीड येते.

हक्कवाल्याचा प्रश्न आधीचा आहे. जूच का? अमेरिकन तत्त्वज्ञ टॉम रेगन यांनी १९८३ मध्ये हेच मांडलं की प्राण्याच्या जगण्याला स्वतःची किंमत आहे, तो कुणाच्या कामाचं साधन नाही.

सुप्रीम कोर्टातही हा घोळ झालाच. २०१४ मध्ये जल्लिकट्टू (तमिळनाडूतला बैल पकडण्याचा खेळ) आणि बैलगाडा शर्यती बंद करताना कोर्टाने जनावराच्या प्रतिष्ठेची भाषा वापरली, पण मे २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींनी शर्यतींना परवानगी देणारे राज्यांचे कायदे वैध ठरवले आणि प्राण्यांना मूलभूत हक्क असल्याचा दाखला आपल्या राज्यघटनेत नाही असंही सांगितलं. म्हणजे आज घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, जाऊन तुम्ही जे तपासू शकता ते कल्याणच.

आता शेतकऱ्याच्या घरात या. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते, आमचे चुलते कोमट पाण्याने खांदा शेकून हळद-तूप चोळायचे तेव्हा बैल डोळे मिटून मान खाली सोडायचा. ते प्रेम खरंच होतं, आणि कल्याण म्हणतात ते तरी याहून वेगळं काय असतं. पण तोच बैल थकल्यावर बाजाराला नेला, कासरा दुसऱ्याच्या हातात दिला, आणि चुलते दोन दिवस नीट जेवले नाहीत. बैलाचे हाल काहीच केले नव्हते, तरी पंधरा वर्षं राबलेल्या जनावराला गोठ्यात मरेपर्यंत जागा मिळावी की नाही, हा प्रश्न हक्कवालेच विचारतात आणि माझ्याकडे त्याला नाही म्हणायला तोंड नाही.