थायरॉइड चाचण्यांची निवड

थायरॉइड म्हणजेच अवटु ग्रंथीच्या कार्यात बिघाड आहे का आणि असल्यास तो कोणत्या प्रकारचा, हे ठरवण्यासाठी रुग्णाच्या तक्रारीनुसार रक्तचाचण्या व चित्रण-तपासण्या योजण्याची पद्धत. मुंबईतील पॅथॉलॉजी लॅबच्या दरपत्रकात टी-३ व टी-४ (अवटु ग्रंथीची संप्रेरके) आणि टीएसएच (या ग्रंथीला चालना देणारे संप्रेरक) या तिन्ही चाचण्या ‘थायरॉइड प्रोफाइल’ या नावाने एकत्र मिळतात आणि रक्त घ्यायला माणूस घरीही येतो. तथापि पहिल्या तपासणीला बहुतेकदा एकटी टीएसएच पुरते.

टीएसएच हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीचे संप्रेरक असून रक्तातील टी-४ किंचित घटले तरी ते अनेक पटींनी वाढते, त्यामुळे बिघाडाची चाहूल सर्वांत आधी त्यातच लागते. प्रौढांमध्ये त्याची सर्वसाधारण मर्यादा सुमारे ०.४ ते ४ एकके असते. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत ती खाली सरकते. टीएसएच मर्यादेबाहेर आढळल्यास मुक्त टी-४, म्हणजे रक्तातील प्रथिनांना न बांधलेला भाग, पाहावे. एकूण टी-४ बहुतांशी प्रथिनांना बांधलेले असते आणि गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना ती प्रथिने वाढतात, त्यामुळे ते विनाकारण वाढलेले दिसते. ग्रंथीचे कार्य मंदावल्याची शंका असताना टी-३ मोजून फारसे हाती लागत नाही, कारण ते उशिरापर्यंत मर्यादेत राहते. कार्य वाढल्याची शंका असेल तर मात्र ते हवेच. पोष ग्रंथीच आजारी असेल तर टीएसएचवर विसंबता येत नाही.

कारण शोधण्यासाठी प्रतिपिंडांच्या चाचण्या असतात: हाशिमोटो विकारासाठी (प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याने ग्रंथी मंदावते) अँटी-टीपीओ, म्हणजे ग्रंथीतील एका विकराविरुद्धची प्रतिपिंडे, आणि ग्रेव्हज विकारासाठी (प्रतिपिंडांमुळे ग्रंथीचे कार्य वाढते) टीएसएच-ग्राहीविरोधी (रिसेप्टरविरोधी) प्रतिपिंडे. अँटी-टीपीओ एकदा वाढलेले आढळल्यावर ते दरवर्षी मोजणे हा निव्वळ खर्च होय.

रक्त कधी दिले यानेही आकडा बदलतो. टीएसएच रात्री व पहाटे चढलेले असते आणि दुपारी उतरते, म्हणून लोकल पकडण्याआधी सकाळी सातला दिलेल्या रक्तात ४.६ आलेला आकडा त्याच व्यक्तीच्या दुपारच्या नमुन्यात मर्यादेत बसू शकतो. लेव्होथायरॉक्सिनची (टी-४ भरून काढणाऱ्या गोळीची) मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबून, शक्यतो त्याच लॅबमध्ये आणि गोळी घेण्यापूर्वी रक्त द्यावे. केस गळतात म्हणून घेतलेल्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या काही यंत्रांवर टीएसएच खोटे कमी आणि मुक्त टी-४ खोटे जास्त दाखवतात. केस गळणे हे थायरॉइडचेही लक्षण असल्याने हा घोळ नेमका याच रुग्णांत होतो. मोठ्या मात्रेतील बायोटिन किमान दोन दिवस आधी बंद ठेवावे.

गळ्याला गाठ लागत असेल तर टीएसएचबरोबर सोनोग्राफी करतात आणि गाठीचे स्वरूप व आकार पाहून बारीक सुईने पेशी काढायच्या की नाही ते ठरवतात. टीएसएच कमी असेल तर आधी किरणोत्सारी समस्थानिकाचा स्कॅन घेतात, कारण स्वतःच संप्रेरक स्रवणारी गाठ त्यात ओळखता येते आणि अशी गाठ क्वचितच कर्करोगाची असते. भाभा अणुसंशोधन केंद्राचे मुंबईत परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटर (स्थापना १९६३) अशा अण्विक तपासण्या व किरणोत्सारी आयोडीनच्या उपचारांसाठी ओळखले जाते.