सायनाइडविरहित भुकटीत नेमके काय असते?

नाशिकच्या सराफ बाजारात दागिने घडवणारा कारागीर दुकानातला केर फेकून देत नाही. कानशीची भुकटी, पॉलिशची धूळ, मुशीचे तुकडे असे सगळे साठवून तो झारेकऱ्याला विकतो आणि झारेकरी ते धुऊन, आटवून त्यातले सोने काढतो. धुण्याने हाती न लागणाऱ्या बारीक कणांसाठी रसायन लागते. अशाच एका झारेकऱ्याने मध्यंतरी मला एका भुरकट भुकटीचे पाकीट दाखवले. त्यावर ‘सायनाइडविरहित’ एवढेच ठळक छापले होते. घटकांची यादी नव्हती.

अशा भुकटीचा अंदाज बांधताना सोन्याचा स्वभावच उपयोगी पडतो. सोने विरघळायला दोन गोष्टी लागतात: अणूचा इलेक्ट्रॉन काढून घेणारा ऑक्सिडीकारक आणि सुटलेल्या आयनाला पाण्यात धरून ठेवणारा रेणू. साध्या पाण्यात सोन्याचा विभव, म्हणजे त्याने इलेक्ट्रॉन किती घट्ट धरला आहे याचे माप, सुमारे १.६९ व्होल्ट असतो. सायनाइडच्या संगतीत तो उणे ०.६ च्या आसपास घसरतो, म्हणून तिथे हवेतला ऑक्सिजनही पुरतो. ग्लासगोत १८८७ साली मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी याच गुणावर सोने काढण्याची आपली पद्धत उभी केली. सायनाइडची जागा घेऊ शकणारे रेणू मोजकेच आहेत. थायोयुरिया आम्लात, साधारण १ ते २ सामूला (सामू म्हणजे pH, आम्ल-अल्कतेचे माप), फेरिक म्हणजे लोहाच्या क्षारासोबत काम करतो. थायोसल्फेट, म्हणजे छायाचित्रकारांचा जुना हायपो, बहुधा तांबे आणि अमोनियासोबत अल्कधर्मी द्रावणात वापरतात. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातील गोल्डस्ट्राइक खाणीत २०१४ पासून तो मोठ्या प्रमाणावर वापरात आला. याखेरीज क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन हे हॅलोजन आणि ग्लायसीन हे अमिनो आम्ल आहे.

म्हणून पहिली चाचणी सामूची. चिमूटभर भुकटी पाण्यात घालून आम्ही सामूपट्टी बुडवली, तर ती गडद निळी झाली. थायोयुरियावर चालणारी भुकटी अशी अल्कधर्मी नसते, त्यामुळे तो जवळपास बाद झाला. आता थायोसल्फेट ओळखायची सोपी रीत म्हणजे आम्ल घालणे, कारण त्याने गंधक सुटून द्रावण दुधाळ होते. पण हीच रीत इथे सर्वांत घातक आहे. सामू ९.२ च्या खाली गेला की सायनाइडचा बहुतांश भाग हायड्रोजन सायनाइड या जीवघेण्या वायूच्या रूपात जातो आणि पाकिटावरच्या शब्दावर विसंबून ही जोखीम घेता येत नाही.

त्याआधी अवरक्त वर्णपट घ्यावा, म्हणजे भुकटी कोणते अवरक्त किरण शोषते ते पाहावे. त्याला आम्ल लागत नाही. सायनाइडचा कार्बन-नायट्रोजन बंध २०८० प्रति सेंटीमीटरच्या आसपास शोषण दाखवतो, तर सायनेट २१७० च्या जवळपास आणि थायोसल्फेट १००० ते ११५० च्या पट्ट्यात. नावांत साम्य असले तरी सायनेट, सायन्युरेट आणि सायनाइड ही तीन निराळी रसायने आहेत. विक्रेत्याच्या बोलण्यात ती सहज एकमेकांत मिसळतात. लोहाला बांधलेले फेरोसायनाइड असेल, तर फेरिक क्षाराने प्रशियन निळा रंग येतो. याच निळ्या रंगापासून स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ शील यांनी १७८२ साली हायड्रोजन सायनाइड मिळवले होते. सायनाइडचे एकूण प्रमाण मोजायचे, तर बंदिस्त उपकरणात आम्लासह ऊर्ध्वपातन करून निघालेला वायू सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये पकडावा लागतो. हे काम प्रयोगशाळेचेच.

म्हणून आमच्या पाकिटाचा नमुना प्रयोगशाळेकडे गेला. उरलेली भुकटी झारेकऱ्याने ज्या फळीवर ठेवली होती, तिथेच शेजारी तेजाबाची अर्धी भरलेली बरणी होती. ती आधी उचलून दुसऱ्या खोलीत नेली.