४२९४९६७२९७ : फर्मांचा अंदाज जिथे चुकला

चारशे एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. २च्या ३२व्या घातात १ मिळवला की ही संख्या येते. १६४०मध्ये पिएर द फर्मा यांनी ३, ५, १७, २५७, ६५५३७ ही साखळी मांडली. २चा घातांक दर पायरीला दुप्पट करायचा आणि १ मिळवायचा. या पाचही मूळ संख्या आहेत. पुढच्या सगळ्याही मूळच असणार, असे त्यांचे मत होते. सिद्धता मात्र त्यांच्याकडे नव्हती.

६५५३७च्या पुढची संख्या म्हणजेच आपली ४२९४९६७२९७. ती मूळ आहे का हे तपासताना अडत होते ते भागाकारांच्या ढिगाऱ्यात. पणजीचा पिनकोड ४०३००१ घ्या. त्याचे वर्गमूळ ६३४च्या थोडे पुढे, म्हणून ६३१पर्यंतच्या जास्तीत जास्त ११५ मूळ संख्यांनी भागून पाहिले की निकाल लागतो. (१३ने भागा की ३१ने, बाकी १च उरते.) आपल्या दहा अंकी संख्येसाठी असे भागाकार ६५४२ होतात.

१७३२मध्ये ऑयलर यांनी ती फोडली : ६४१ × ६७००४१७. तिचा प्रत्येक मूळ विभाजक ६४क + १ (क ही कोणतीही पूर्ण संख्या) याच रूपाचा असतो, हेही त्यांनीच सिद्ध केले. म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७ आणि लगेच ६४१! पाचव्या भागाकारात काम झाले. १८७८मध्ये ल्यूका यांनी ६४चे १२८ केले; मग २५७नंतर थेट ६४१.

प्रत्यक्ष भागाकार न करताही हे पटवता येते. डिचोली-फोंड्याच्या दहावीच्या वर्गात फळ्यावर चार ओळींत मावेल :

६४१ = ५ × २⁷ + १, म्हणून ६४१ने भागता ५ × २⁷ची बाकी −१ (एक कमी पडतो).
चौथा घात घेतला की ५⁴ × २²⁸ची बाकी १.
पण ६४१ = ५⁴ + २⁴, म्हणून ५⁴च्या जागी −२⁴ चालते.
म्हणजे −२³²ची बाकी १. अर्थात २³² + १ला ६४१ने पूर्ण भाग जातो.

इतकी सुंदर सिद्धता अंकगणितात क्वचितच भेटते.

संगणकावर पडताळताना दोन ठिकाणी घसरायला होते. ३२ बिटांच्या पूर्णांकात ही संख्या मावत नाही, नुसता १ उरतो. ६४ बिट घ्यावेत. आणि फर्मांचीच कसोटी (संख्या मूळ असेल तर पायाचा तिच्याहून एकने कमी इतका घात तिनेच भागता बाकी १ उरते) २ पाया धरून लावली तर ती हिला मूळ ठरवते, कारण हिनेच भागता २³²ची बाकी −१ असल्याने पुढचे घात आपोआप १वर येतात. पाया ३ घेतला की खरे कळते.

साखळीतली पुढची, वीस अंकी संख्या लँड्री यांनी १८८०मध्ये फोडली : २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. ६५५३७नंतरची एकही मूळ संख्या या साखळीत अजून सापडलेली नाही.