लेसर शीतलन

लेसर प्रकाशाच्या धक्क्यांनी वायूतील अणूंचा वेग घटवून त्यांचे तापमान निरपेक्ष शून्याच्या (उणे २७३ अंश सेल्सिअस, याहून गार काही होत नाही) अगदी जवळ नेण्याची पद्धत. उन्हात हात तापतो, मग प्रकाशाने काही गार कसे होईल, ही शंका रास्तच आहे. पण वायूची उष्णता म्हणजे त्याच्या अणूंची धावपळ. धावपळ थांबवली की गारवा आलाच.

घरच्या तापमानाला रुबिडियम या धातूचा अणू सेकंदाला सुमारे ३०० मीटर धावतो. समोरून आलेला ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, शोषला, तर त्याचा वेग सेकंदाला जेमतेम ६ मिलिमीटरने उतरतो. शोषलेला प्रकाश अणू परत टाकतो तो मात्र वाटेल त्या दिशेला. ते धक्के एकमेकांत जिरतात आणि समोरचे साठत जातात. असे पन्नासेक हजार धक्के काही मिलिसेकंदांत बसतात. अणू हातभर अंतरात थबकतो!

खरी करामत आहे ती धक्का समोरूनच बसवण्यात. दादरला न थांबणाऱ्या गाडीचा भोंगा येताना चढा, गेल्यावर उतरलेला ऐकू येतो. हाच डॉप्लर परिणाम इथे कामी येतो. लेसरची वारंवारता अणू शोषतो त्यापेक्षा किंचित कमी ठेवतात. अणू ज्या किरणावर चालून जातो तो त्याला चढा भासतो, म्हणून शोषला जातो. पाठीमागचा आणखी उतरतो आणि बहुतांशी तसाच निघून जातो. सहा बाजूंनी किरण सोडले की अणू कुठेही वळो, वाट अडलेलीच.

ही कल्पना १९७५ साली भौतिकशास्त्रज्ञ हेन्श व शॉलो आणि स्वतंत्रपणे वाइनलँड व डेमेल्ट यांनी मांडली. १९८५ मध्ये बेल प्रयोगशाळेत स्टीव्हन चू यांच्या गटाने सोडियमचे अणू सुमारे २४० मायक्रोकेल्विनपर्यंत (निरपेक्ष शून्याच्या वर अंशाचे २४० दशलक्षांश) गार केले. त्या चिकट प्रकाशाला त्यांनी काकवीचेच नाव दिले, आणि ते चपखल आहे: काकवीत मुंगी संथ होते, पण एका जागी खिळत नाही. खिळवण्यासाठी चुंबकीय क्षेत्राची जोड लागते. तसा सापळा १९८७ मध्ये साधला. चू, कोएन-तानूजी आणि फिलिप्स यांना याच कामासाठी १९९७ चे नोबेल मिळाले.

मुंबईत कुलाब्याच्या टोकाला, समुद्रालगतच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतिशीत अणूंवर प्रयोग झाले आहेत. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानातील संवेदन व मापनाचे केंद्र पवईच्या आयआयटीकडे आहे.

इतक्या गार ढगाला तापमापक लावता येत नाही. म्हणून लेसर बंद करून ढग मोकळा सोडतात. २० मिलिसेकंदांत तो सुमारे २ मिलिमीटर खाली पडतो आणि पडता पडता फुगतो. अणूंची धावपळ जितकी जास्त तितका तो जास्त फुगतो, म्हणून तो किती फुगला, हे कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रावर मोजून तापमान काढतात.